भार आणि विसावा

सम्मेदशिखरजीची यात्रा ठरली की घरातील ज्येष्ठांच्या मनात पहिली शंका येते ती गुडघ्यांची. सुमारे ९ किलोमीटरची चढण, टोंकांच्या दर्शनाची ९ किलोमीटरची वाट आणि तितकीच उतरण, अशी ही २७ किलोमीटरची पर्वतवंदना. चढताना श्रद्धा बळ देते. उतरताना मात्र गुडघे तक्रार करू लागतात. या तक्रारीमागील कारण समजून घेतले, तर यात्राही घडेल आणि सांधेही जपले जातील.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत, पांढुरके आवरण असते. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर. त्यावर पडणारा भार मात्र विस्मयकारक आहे. कृत्रिम सांध्यांत संवेदक बसवून केलेल्या मोजमापांत असे आढळले, की सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पडतो. जिना चढताना तो तिपटीच्या वर जातो आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट होतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर उतरणीच्या प्रत्येक पायरीला २०० किलोंच्या आसपास भार येतो.

एवढा भार हे पातळ आवरण सोसते कसे? याचे उत्तर पाण्यात आहे. कूर्चेच्या वजनापैकी ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचाच असतो. कोलॅजनच्या चिवट तंतूंची जाळी तिला आकार देते आणि त्या जाळीत अडकलेले प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू पाणी धरून ठेवतात. या जाळीची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की भार पडताच पाणी चटकन बाहेर पडू शकत नाही. कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि प्रारंभी बहुतांश भार तेच पेलते. व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये घन व द्रव या दोन घटकांच्या आधारे हे वर्तन गणिताने मांडले. याच पाण्यामुळे निरोगी सांध्यातील घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होणाऱ्या घर्षणापेक्षाही कमी असू शकते.

भार बराच वेळ टिकून राहिला, तर मात्र पाणी हळूहळू झिरपून जाते आणि ओझे तंतूंच्या जाळीवर येऊ लागते. भार उतरला की पाणी परत येते. या ये-जा करणाऱ्या द्रवातूनच कूर्चेचे पोषण होते, कारण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून गुडघे दुखतात या भीतीने चालणेच सोडून देणे हेही तितकेच घातक. अति भाराने कूर्चा झिजते आणि भाराच्या अभावी ती दुर्बल होते.

तिच्यात मज्जातंतूही नसतात. त्यामुळे झीज सुरू झाली तरी ती स्वतः वेदनेची सूचना देत नाही. दुखणे जाणवते तेव्हा हानी बरीच पुढे गेलेली असू शकते. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदविले होते, की एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही. आजही हे सत्य फारसे बदललेले नाही. व्याज खर्चता येते, मुद्दल मात्र जपावेच लागते.

म्हणून यात्रेच्या काही आठवडे आधीपासून रोजचे चालणे थोडेथोडे वाढवावे आणि मांडीचे स्नायू बळकट करावेत. उतरताना काठी घ्यावी व मध्ये विसावा घ्यावा. वजन अधिक असल्यास ते कमी करावे; संधिवात असलेल्या स्थूल ज्येष्ठांच्या अभ्यासात १ किलो वजन घटल्यास गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलाला सुमारे ४ किलोंनी घटतो असे दिसून आले आहे. सामायिकाच्या ४८ मिनिटांत वारंवार आसन बदलणे दोष मानले जाते. तेव्हा आरंभीच निभेल असे आसन निवडावे, आवश्यक वाटल्यास खुर्ची घ्यावी आणि उठण्यापूर्वी पाय सावकाश मोकळे करावेत. सूज आली किंवा दुखणे टिकून राहिले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

खुर्चीवर बसून सामायिक करणाऱ्या किंवा डोलीतून वंदना करणाऱ्या ज्येष्ठांच्या मनात पुष्कळदा अपराधी भाव असतो. कोणी नकळत बोलून तो वाढवूही नये. चालताना पायाखालच्या जिवाला इजा होऊ नये म्हणून आपण यतना पाळतो. ज्या देहाच्या आधारे ही साधना घडते, त्यालाही त्याच यतनेने वागविले पाहिजे. भाव निर्मळ असेल, तर खुर्चीवरील सामायिकही सामायिकच आहे.