मुळांनाही श्वास हवा

झोपेच्या तक्रारीसाठी येणाऱ्या एका आजींनी ऐन आषाढात विचारले, ‘‘डॉक्टर, मुलाने आणलेले लव्हेंडर रोज पाणी घालूनही वाळले. माझा हातच वाईट का हो?’’ रोप उपटून पाहिले, तर मुळे काळी व लिबलिबीत. झाड पाण्यावाचून नव्हे, पाण्यानेच गेले होते.

लव्हेंडर मूळचे भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे. भारतात त्याची शेती होते ती जम्मूकडील भद्रवाहसारख्या थंड डोंगरांत. आपल्या बपेऱ्याकडची बांधी धानाची. पाणी धरून ठेवणे हाच तिच्या मातीचा गुण. जो गुण धानाला तारतो, तोच लव्हेंडरला मारतो. म्हणून ते अंगणात न लावता कुंडीत, पावसाळा सरल्यावर कार्तिकात लावावे.

तळाला भोक असलेली, भाजलेल्या मातीची १२ इंची कुंडी घ्यावी. माती २ भाग, धुतलेली जाड रेती २ भाग, विटांचे बारीक तुकडे १ भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत अर्धा भाग एकत्र करावे. खताचा मोह टाळावा. त्याने पाला माजतो, फुले कमी येतात. मातीचा सामू ६.५ ते ७.५ असावा. मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. बोट लावताच गोळा फुटला, तर माती जमली. पावसाळ्यात कुंडी पडवीच्या कडेला, उन्हाळ्यात दुपारच्या सावलीत ठेवावी.

आता घरच्यांसाठी. कुंडी कमरेइतक्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवा. ज्येष्ठांना उकिडवे बसावे लागू नये. माती कालवताना हातमोजे व पायांत चप्पल असावी. मधुमेहात बधिर झालेल्या बोटांना जखम कळत नाही; म्हणून ओलावा बोटाने न तपासता कोरडी काडी खुपसून पाहावा. ती कोरडी निघाली, तरच पाणी घालावे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी डॉक्टरांकडे करावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्यात डास वाढतात.

लव्हेंडर हे औषधाला पर्याय नाही. झोपेची गोळी परस्पर बंद करू नये. परंतु सकाळच्या उन्हात दहा मिनिटे रोपाजवळ घालवण्यास माझी हरकत नाही, आग्रहच आहे. आजींना मी एवढेच सांगितले, ‘‘हात वाईट नव्हता, माती बदला आणि माया थोडी आवरा.’’