नळ अम्मानमध्ये, चावी शेजाऱ्याकडे

जॉर्डनची राजधानी अम्मान. इथं अनेक घरांत नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरायच्या, धुणी उरकायची आणि पुढचे दिवस मोजूनमापून काढायचे. टाकी आधीच संपली तर टँकर आहेच.

वर्षाला माणशी 500 घनमीटरपेक्षा कमी पाणी म्हणजे तीव्र टंचाई, असं जगभर मानतात. जॉर्डनचा आकडा 100 च्याही खाली आहे. मग पाणी विकत घ्यायचं ना! घेतातच. 1994 च्या शांतता करारानंतर इस्रायल जॉर्डनला पाणी देतोय. 2021 मध्ये आणखी 5 कोटी घनमीटर विकायचं ठरलं. हे किती? 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावत होती. पन्नास वाघिणींच्या गाडीत मावायचं साधारण 25 लाख लिटर. त्या हिशेबानं 20 हजार फेऱ्या!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुबईत आणखी मोठ्या डीलचा इरादा जाहीर झाला. जॉर्डनच्या वाळवंटातून 600 मेगावॅट सौर वीज इस्रायलला आणि बदल्यात समुद्राचं गोडं केलेलं 20 कोटी घनमीटर पाणी जॉर्डनला. कागदावर एकदम झकास. पण अम्मानमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आपली तहान इस्रायलच्या हातात द्यायची नाही, हा त्यांचा मुद्दा. सरकारनं तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. मग गाझाचं युद्ध पेटलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये परराष्ट्रमंत्री अयमान सफादी यांनीच सांगून टाकलं, आम्ही सही करणार नाही.

गंमत म्हणजे, जॉर्डन याहून कितीतरी जास्त पाणी गुपचूप आयात करतो. गव्हाच्या पोत्यांतून! एक किलो गहू पिकवायला हजारेक लिटर पाणी लागतं आणि या देशाचा जवळपास सगळा गहू बाहेरून येतो. टोनी ॲलन या ब्रिटिश अभ्यासकानं याला ‘आभासी पाणी’ म्हटलं. त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढत नाही, कारण एका देशानं गहू नाकारला तर दुसरा देतो. पाइपलाइनचं तसं नसतं.

पण गव्हानं आंघोळ होत नाही. म्हणून जॉर्डन आता स्वतःच्या चिमुकल्या किनाऱ्याकडे, अकाबाकडे वळलाय. तिथं तांबड्या समुद्राचं पाणी गोडं करून वर्षाला 30 कोटी घनमीटर अम्मानला न्यायचा बेत आहे. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आणि शहर डोंगरावर, म्हणजे सगळं पाणी पंपानं वर चढवायचं. शेजाऱ्याच्या पाण्यापेक्षा ते महाग पडणार, हे जॉर्डनलाही माहीत आहे.