हरमल, आठ तासांवर

नागपूरच्या माणसाला समुद्राबद्दल विचारू नये. आमच्याकडे झीरो माईलचा दगड आहे आणि तिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र भयंकर लांब आहे. फुटाळा तलावाच्या काठाला आम्ही 'चौपाटी' म्हणतो, यातच काय ते समजून घ्या. त्यामुळे 'गोवा' हा शब्द ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की तिशीतली, होमलोनवाली, पोट सुटलेली माणसं एकदम कॉलेजात गेल्यासारखी वागायला लागतात. आम्ही पाच जण याला अपवाद नाही. फेब्रुवारीतला एक विकांत, त्याला पुढेमागे दोन-दोन रजा जोडल्या, आणि निघालो.

विमानानं न जाता नागपूर-मडगाव स्पेशलनं गेलो. ही गाडी भुसावळ, पनवेल करत कोकण रेल्वेला लागते आणि एक अख्खा दिवस खाते. एवढ्या वेळात माणूस युरोपात पोचतो हे एका मित्रानं चार वेळा ऐकवलं. असो. थिवीला उतरलो आणि बागा-कलंगुटला न थांबता थेट हरमलला गेलो, कारण "खरा हिप्पी गोवा आता तिकडेच उरलाय" असं सगळ्यांनी सांगितलं होतं. हे 'सगळे' कोण ते विचारू नका. इंटरनेटवरचेच.

हरमल म्हणजे ज्याला इंग्रजी पाट्यांवर अरंबोल लिहितात ते. तालुका पेडणे, गोव्याचं उत्तर टोक. त्याच्या पलीकडे केरी, मग तेरेखोलची फेरीबोट, की संपला गोवा. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आले ते हणजूणला. 'एट फिंगर एडी' म्हणून ओळखला जाणारा बोस्टनचा एक आर्मेनियन वंशाचा अमेरिकन त्यांच्यातला म्होरक्या. तो 2010 मध्ये गोव्यातच वारला. हणजूणचा बुधवारचा फ्ली मार्केट ही त्याच मंडळींची देणगी. पुढे हणजूण भरलं, महागलं, आणि ज्यांना गर्दी नको होती ते नदी ओलांडून उत्तरेला सरकले. शापोरा नदीवर शिवोली-चोपडे पूल होईपर्यंत तिथे फेरीबोटीनंच जावं लागे. एखादी जागा निवांत राहायला एवढी अडचण पुरते, हे मला तिथे उभं राहून पटलं. पूल झाला, मग 2023 च्या जानेवारीत त्याच तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. आता अडचण अशी काही उरलेली नाही.

मुख्य रस्त्यावरून किनाऱ्याकडे जाणारी गल्ली म्हणजे एक प्रकरणच आहे. दोन्ही बाजूंना झुलत्या पँटी, चामड्याच्या पिशव्या, तिबेटी वाट्या, हॅमॉक. विजेच्या खांबांवर हातानं लिहिलेले कागद: रेकी, कुंडलिनी, श्वासाची शिबिरं, बासरीचे क्लास, स्कूटर विकणे आहे. एक रशियन भाषेतला मेन्यू, त्याखाली हिब्रू. किनाऱ्यावर उत्तरेकडच्या टेकाडाच्या कडेनं पायवाट जाते, तिच्या पलीकडे समुद्राला जवळजवळ चिकटून गोड्या पाण्याचं तळं. खारं पाणी पन्नास पावलांवर आणि इथे माणसं गोड्या पाण्यात पोहतायत, हे आमच्यासारख्या तलाववाल्यांना सगळ्यात जास्त आवडलं. संध्याकाळी सूर्य खाली गेला की वाळूत ड्रम घेऊन पाचपन्नास माणसं गोल करतात. कुणी नाचतं, कुणी रिंग फिरवतं, एक बाई चादर पसरून घरी केलेला केक विकते. कुणी ॲरेंज केलेलं नाही, तिकीट नाही, अँकर नाही. मला आवडलं. उगाच नाक मुरडणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट.

त्या गोलात एक परदेशी मुलगी डोळे मिटून नाचत होती. साधे कपडे, साधा नाच. आमच्यातला एक जण मोबाईल काढून तिचा व्हिडिओ घेऊन राहिला होता. बाजूला अजून तीन-चार ग्रुप तेच करत होते, म्हणजे नाचणारी एक आणि कॅमेरे आठ. मी बघत होतो. बोललो काहीच नाही. दहा वर्षांचा मित्र, ट्रिपचा मूड, कोण वाईट होणार? मुलीनं डोळे उघडले, कॅमेरे बघितले, ओढणीसारखं काहीतरी उचललं आणि निघून गेली. आरडाओरडा नाही. तिला याची सवय असावी, आणि मला नंतर सगळ्यात जास्त तेच खुपलं.

रात्री जेवताना विषय काढला तर मित्र म्हणाला, "सार्वजनिक जागा आहे बे. आपल्याच देशात आपण परके काय? ह्या गोऱ्यांनी सहा महिने येऊन काहीही करावं आणि आपण दोन दिवस आलो तर आपण गावंढळ?" त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गोव्यात देशी पोरांचा ग्रुप दिसला की तोंड वाकडं करणारी हॉटेलं आहेत, आणि आम्हालाही एका ठिकाणी टेबल रिकामी दिसत असताना 'फुल्ल' असं सांगितलं गेलं. त्या जुन्या हिप्पींनाही कुणी संत समजू नये. त्यांनी नशा आणली, गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत नागडे फिरले, आणि गावाला काय वाटतं हे विचारायची तसदी त्यांनीही घेतली नव्हती. किनारा सगळ्यांचा आहे यात वादच नाही.

पण उरलेल्या अर्ध्यात तो चुकतो. 2023 च्या जानेवारीत गोव्याच्या पर्यटन खात्याला पत्रक काढून सांगावं लागलं की दुसऱ्या पर्यटकांचे, विशेषतः पोहणाऱ्या आणि ऊन खात पडलेल्यांचे, न विचारता फोटो-सेल्फी घेऊ नका. त्याआधी 2019 मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक मांडणं यासाठी माणशी 2000 आणि टोळक्याला 10,000 रुपये दंडाची तरतूद करावी लागली. हे नियम कुणाला बघून सुचले असतील? टेम्पो ट्रॅव्हलरमधून गॅसची शेगडी उतरवणारी माणसं डेन्मार्कहून येत नाहीत, राजेहो.

माझं मत असं आहे की फरक कातडीचा नाही, वेळेचा आहे. तो जुना भटक्या मासेमाराच्या घरात खोली घेऊन सहा महिने राहायचा. घरमालकिणीचं नाव त्याला ठाऊक असायचं, तिचं पोर आजारी आहे हे कळायचं, भाडं थकलं की लाज वाटायची. आमच्याकडे सुट्टीचे चार दिवस, त्यातले दोन गाडीत. एवढ्यात जागेशी ओळख होत नाही, म्हणून तिचा पुरावा घेऊन जायचा. मोकळेपणा चार महिन्यांनी अंगात येतो म्हणतात, आम्हाला तो शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ पाहिजे असतो. आणि तेवढ्यात मिळाला नाही की दुसऱ्याचा शूट करायचा.

आमच्या प्रोजेक्टवर मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराची टीम आहे. त्यातला एक जण कॉलवर सांगत होता की त्यांचा गोवा म्हणजे पुएर्तो वायार्ता. 1964 मध्ये आलेल्या 'द नाइट ऑफ द इग्वाना' या सिनेमाचं शूटिंग तिथे झालं आणि गाव जगाच्या नकाशावर आलं. तिथला 'सोना रोमांतिका' हा समुद्राकाठचा कलंदर मोहल्ला आता एवढा महाग झालाय की तिथे वेटरचं काम करणारा तिथे राहू शकत नाही, असं त्याचं म्हणणं. हरमलचा गिरकरवाडा बघताना मला ते आठवलं. मासेमारांचा वाडा, रापणीच्या होड्या, आणि त्यांच्या डोक्यावर दोन-तीन मजली गेस्टहाऊस. इथल्या बेकायदा बांधकामांचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. बांधली कुणी? बरीचशी गावातल्यांनीच. राहायला कोण? आपण. मग फक्त बांधणाऱ्यालाच हावरा का म्हणायचं?

आम्ही जिथे उतरलो होतो ती मालकीण साठीची असावी. पहिले दोन दिवस आम्ही तिच्याशी हिंदीत बोलत होतो. "आंटी, पानी नहीं आ रहा है" छापाचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा पीत होतो तर तिच्या हातात मराठी पेपर! आम्ही आपसात मराठीत बोलतो हे तिनं केव्हाच ऐकलेलं. चष्म्यावरून बघत म्हणाली, "तुमी मराठी न्हय? मग हिंदी कित्याक उलयतात?"

काय उत्तर देणार? गोवा म्हटलं की आमच्या डोक्यात चर्च, फेणी आणि हिंदी सिनेमा. पण पेडणे तालुका पोर्तुगीजांकडे आला तोच मुळात अठराव्या शतकाच्या अखेरीला, त्याआधी तो सावंतवाडीकर भोसल्यांचा. बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव पेडण्याच्या सरकारी कॉलेजला आहे. घरात कोंकणी, वाचायला मराठी, जत्रेत दशावतार. म्हणजे त्या किनाऱ्यावर डिजरीडू वाजवणाऱ्या माणसापेक्षा ही बाई मला कितीतरी जवळची होती आणि मी तिला दोन दिवस 'आंटी' म्हणत होतो.

मग मावशी म्हटलं, आणि पुढचा तासभर गप्पा मिरचीवर गेल्या. हरमलच्या मिरचीला 2021 मध्ये जीआय मानांकन मिळालंय हे तिनं सांगितलं. मी आमच्या जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीचं मानांकन पुढे केलं. कुठली जास्त तिखट यावर एकमत झालं नाही. सावजी रस्सा म्हणजे काय हे मी तिला समजावलं, तिनं तो प्रकार मासळीला चालणार नाही असा निकाल दिला. त्या अख्ख्या बाजारगल्लीत तिबेटी वाट्या होत्या, पेरूचे स्वेटर होते, हरमलची मिरची मात्र मला एका दुकानात दिसली नव्हती. ती शेतात पिकते आणि आमच्यासारख्यांची पावलं शेताकडे वळतच नाहीत. मावशीनं वर्तमानपत्राच्या कागदात बांधून पावभर दिली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याजवळच्या पवनारपासून पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत 802 किलोमीटर. 2025 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं त्यासाठी 20,787 कोटींच्या तरतुदीला मंजुरी दिली. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचा जमिनी द्यायला जोरदार विरोध आहे आणि त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो वेगळा विषय. आमच्या ऑफिसात या रस्त्याबद्दल एकच वाक्य ऐकू येतं: "अठरा तासांचे आठ होणार!" पत्रादेवी कुठे आहे? पेडणे तालुक्यात. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी जिथे गोळ्या झाडल्या, तेच हे नाकं. तिथे हुतात्मा स्मारक आहे आणि तिथून हरमल दुपारच्या जेवणाआधी गाठता येईल. म्हणजे रस्ता झालाच, तर शुक्रवारी रात्री लॉगआऊट करून निघालेला विदर्भातला प्रत्येक ग्रुप शनिवारी सकाळी मावशीच्या ओट्यावर हजर. मला रस्ता नको असं म्हणता येत नाही, कारण मीच पहिल्या शंभर गाड्यांत असेन.

तो व्हिडिओ मित्रानं परतीच्या गाडीत, चिपळूणच्या आसपास, डिलीट केला. मी सांगितलं म्हणून नाही, फोनची मेमरी भरली म्हणून. मी तेव्हाही काही बोललो नाही, हे इथे लिहून टाकतो.

निघताना मावशीला विचारलं होतं, पुन्हा यायचं तर केव्हा यावं? डिसेंबरचं नाव काढू नकोस म्हणाली, तिप्पट भाडं घेते ती स्वतःच. मी म्हटलं जून? ती हसली. जूनमध्ये इथे काय आहे, शॅक मोडलेले, मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, दुकानांना ताडपत्र्या. मग तुम्ही काय करता, असं विचारलं तर म्हणाली, शेत लावतो. खोलीचं भाडं विचारलं. दिवसाचं नाही, महिन्याचं सांगितलं तिनं.