साठवायला शिकवले, पुरवायला कोण शिकवणार?

‘वीस वर्षे धंद्यात काढली, बाजाराचे सगळे चढउतार पाहिले, आता वर्गात बसवून कोण काय शिकवणार?’ निवृत्तिनियोजनाच्या वेगळ्या प्रशिक्षणाचा विषय निघाला, की विमा आणि म्युच्युअल फंडाच्या धंद्यात मुरलेली मंडळी हे ऐकवतात. वर पुस्ती जोडतात, की परीक्षा तर आहेतच.

आहेत ना. म्युच्युअल फंड विकायचा तर एनआयएसएमची ‘5-ए’ परीक्षा द्यावी लागते: शंभर प्रश्न, दोन तास, पन्नास गुणांना पास. विमा एजंटाला दहावीची मार्कशीट, थोड्या तासांचा वर्ग आणि एक वस्तुनिष्ठ परीक्षा पुरते. पेन्शन नियामक पीएफआरडीएने 2016 मध्ये निवृत्ती सल्लागारांसाठी नियम केले आणि त्यांच्यासाठी एनआयएसएमची सतरावी परीक्षाही आहे. गोम अशी, की दिवाणखान्यात बसून ‘काका, ही पेन्शन पॉलिसी घेऊन टाका’ म्हणणाऱ्याला ती सक्तीची नाही. शिवाय या परीक्षांना कळते ते एवढेच, की उमेदवाराला योजनांच्या मर्यादा आणि व्याख्या पाठ आहेत. समोरच्या माणसाच्या पिशवीतले कागद त्याला वाचता येतात का, हे चार पर्यायांतून एक निवडायला लावून कसे कळणार?

राहिला अनुभव. त्याची टिंगल मला करायची नाही. पण अनुभव शहाणे करतो तो चूक लवकर दिसते तिथे. आचाऱ्याचे मीठ जास्त झाले तर पहिल्या पंगतीतच कळते. निवृत्तीचा चुकलेला सल्ला उघडकीला येतो बारा-पंधरा वर्षांनी, तोवर सल्लागाराने शहर तरी बदललेले असते, नाही तर कंपनी तरी. आणि आपल्याकडच्या बहुतेक सल्लागारांचा अनुभव आहे तरी कशाचा? पस्तिशी-चाळिशीतल्या पगारदारांच्या एसआयपी सुरू करून देण्याचा. साठीपासून पंच्याऐंशीपर्यंत एखाद्या जोडप्याचा पैसा पुरवून दाखवलेला सल्लागार शोधायला निघालो तर हातात फार थोडी नावे येतील.

जरा हिशेबच मांडू. समजा, साखर कारखान्यातला एक कारकून सप्टेंबर 1998 मध्ये नोकरीला लागला आणि ऑगस्ट 2024 अखेर 58व्या वर्षी निवृत्त झाला. सेवा 26 वर्षे, शेवटचा पगार मर्यादेच्या वर. कर्मचारी पेन्शन योजनेचे, म्हणजे ईपीएस-95चे सूत्र सगळ्यांना पाठ असते: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. वीस वर्षे भरली म्हणून दोन वर्षे वाढीव. पगाराची मर्यादा 15,000. म्हणजे 15,000 गुणिले 28 भागिले 70, बरोबर 6,000 रुपये. सल्लागार हा आकडा वहीत लिहितो, घरखर्चातून वजा करतो आणि उरलेल्या तुटीपुरता प्लॅन पुढे सरकवतो. प्रत्यक्षात 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला 6,500ची जुनी मर्यादा लागते. ती 16 वर्षे जुन्या मर्यादेने आणि पुढची 10 नव्या मर्यादेने मोजली, की पेन्शन येते चार हजारांच्या आसपास. तो गेल्यावर पत्नीला त्याच्या निम्मी. महागाई भत्ता नाही. ज्या तुटीवर सगळा प्लॅन उभा केला ती तूटच चुकीची निघाली. बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण करणाऱ्या ईपीएसधारकांना हे गणित भोगून माहीत आहे. ते माहीत नाही त्यांच्या मुलांना ‘रिटायरमेंट सोल्यूशन’ विकणाऱ्यांना.

बाजाराचे गणितही असेच फसवे. दोघांकडे 50-50 लाख आहेत, दोघेही दर वर्षाच्या सुरुवातीला चार लाख काढतात. एकाला तीन वर्षांत परतावा मिळतो अधिक 25, अधिक 10 आणि उणे 20 टक्के. दुसऱ्याला तेच आकडे उलट्या क्रमाने. पैसे काढले नसते तर दोघांचेही 55 लाखच झाले असते. काढल्यामुळे पहिल्याकडे 43 लाख 88 हजार उरतात, दुसऱ्याकडे 40 लाख 10 हजार. तीन वर्षांतच पावणेचार लाखांचा फरक, तोही निव्वळ क्रमामुळे. ‘सरासरी बारा टक्के’ हे जपमाळेसारखे म्हणणाऱ्या सल्लागाराला हा प्रकार कुणी कधी फळ्यावर मांडून दाखवलेला नसतो. तो सरळ अमेरिकेतला चार टक्क्यांचा नियम उचलतो. विल्यम बेंगेन यांनी तो 1994 मध्ये मांडला तो अमेरिकी शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून, तीस वर्षांची निवृत्ती धरून. तिथला इतिहास आपल्या महागाईला आणि आपल्या रोख्यांना जसाच्या तसा कसा लागू व्हावा?

‘कॅल्क्युलेटर आहे की मोबाइलवर’ या युक्तिवादावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. त्यात 6,000 घातले तर तो 6,000च धरून चालतो.

भिडावे असा आक्षेप एकच आहे: खरा रोग कमिशनचा, शिकवून काय होणार? शिकलेला माणूस जास्त सफाईने फसवेल! या आक्षेपाला भक्कम पुरावाही आहे, आणि त्याचा धागा मुंबईच्या बॉम्बे हाउसपर्यंत येतो. टाटा स्टीलच्या ब्रिटनमधल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची 2017 मध्ये फेररचना झाली. तेव्हा पोर्ट टॅलबट आणि इतर ठिकाणच्या सुमारे आठ हजार सभासदांनी आयुष्यभराची निश्चित पेन्शन सोडून आपली रक्कम खासगी योजनांत हलवली. सल्ला देणारे अडाणी नव्हते. ब्रिटनने 2012 अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचे कमिशन बंद केले होते आणि सल्लागारांच्या पात्रतेची पायरीही त्याच वेळी उंचावली होती. तरीही त्यातला जवळपास निम्मा सल्ला अयोग्य होता, असे तिथल्या नियामकाला पुढे आढळले. अनेक सल्लागारांना फी मिळणार होती ती कामगार योजनेतून बाहेर पडला तरच. ही पद्धत ऑक्टोबर 2020 मध्ये, अपवाद वगळता, बंद करावी लागली.

म्हणून प्रशिक्षण हा कमिशनवरचा उतारा आहे असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणाऱ्या संस्थांच्या चकचकीत प्रमाणपत्रांना भुलूही नये. पण याची दुसरी बाजूही पाहा. सेबीने ऑगस्ट 2009 पासून म्युच्युअल फंडांवरचा प्रवेशभार काढून टाकला. 2018 मध्ये सुरुवातीलाच मिळणारे घसघशीत कमिशन बंद केले. दोन्ही निर्णय उत्तमच होते. त्याने आपल्या कारकुनाची पेन्शन बरोबर काढली जाऊ लागली का? एक रुपयाही कमिशन न घेणारा सज्जन सल्लागारही त्याला 6,000च सांगेल, आणि तो सज्जन आहे म्हणून कारकून त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवेल. हेतू सुधारला म्हणून हिशेब सुधारत नाही. दोन्ही दुरुस्त्या लागतात, आणि दुसरीकडे अजून कुणी वळलेलेच नाही.

मग शिकवायचे काय? आधी कागद. ईपीएफचे पासबुक, नोकरी बदलताना 10-सी भरून पेन्शनचा पैसा काढून घेतला होता का, पन्नाशीतच पेन्शन सुरू केली तर दर वर्षामागे होणारी आणि आयुष्यभर चिकटणारी चार टक्क्यांची कपात. सरकारी नोकर असेल तर पेन्शन विकावी की नाही, विकली तर ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते तोवर घर कशावर चालणार. ॲन्युइटी घेताना हप्ता मोठा दिसावा म्हणून पत्नीचे नाव गाळले गेले का. आज पुरेशी वाटणारी ठरावीक रक्कम सहा टक्के महागाईत बारा वर्षांनी निम्म्या किमतीची होते, हे नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगणे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही स्पष्ट केले; ते वडील हयात असतानाच मुलांच्या कानावर घालणे. हे शेवटचे काम सगळ्यांत अवघड, कारण आपल्या घरांत मृत्युपत्राचा विषय काढणारा माणूस अपशकुनी ठरतो.

हे पुस्तकातून येत नाही, त्यासाठी उमेदवारी करावी लागते. सीएला आर्टिकलशिप आहे, वकिलाला वरिष्ठाकडे उमेदवारी करायची परंपरा आहे. निवृत्तीचा सल्ला देणाऱ्यालाच तेवढी दोन तासांची परीक्षा का पुरावी? वर्षभर जाणत्या माणसाच्या हाताखाली खऱ्या कुटुंबांच्या फायली केल्याशिवाय ‘निवृत्ती’ हा शब्द व्हिजिटिंग कार्डावर छापता येऊ नये. आणि एकदा शिकून भागणार नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल 2023 मध्ये 15 लाखांवरून 30 लाख झाली, त्याच्या आदल्याच दिवशी वयवंदना योजना बंद झाली, एप्रिल 2025 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना (यूपीएस) आली. जुन्या वहीवर सल्ला देणारा इथे धोकादायकच.

खर्चाचे काय, हा शेवटचा बचाव. म्युच्युअल फंडाच्या बहुतेक योजना गुंतवणूकदारांच्या जागृतीसाठी शंभर रुपयांमागे वर्षाला दोन पैसे बाजूला काढतात. टीव्हीवरच्या जाहिराती आपण पाहतोच. त्यातला अर्धा पैसा या उमेदवारीकडे वळवा. शिकवायला विलायतेहून कुणी आणायला नको. जिल्हा कोषागारातून आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयांतून निवृत्त झालेले लेखापाल गावोगाव आहेत. पेन्शनची केस कुठे अडते आणि कोणत्या रकान्यात चूक झाली की विधवेला वर्षभर हेलपाटे पडतात, हे त्यांनी हाताने केलेले आहे. त्यांना मानधन द्या आणि आठवड्यातून दोन दिवस तरुण सल्लागारांना त्यांच्या शेजारी बसवा.