ड्रायव्हरला शिक्षा झाली, मालकाला पत्ता नाही

आपण दारूला शिवत नाही, तेव्हा दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कायद्याशी आपला काय संबंध, असे आपले व्यापारी बांधव सहज बोलून जातात. आम्हीही बोलत होतो. आमच्या एका जुन्या व्यापारी मित्राच्या दुकानावर कोर्टाची नोटीस येईपर्यंत बोलत होतो.

हे मित्र घुग्घुसचेच. कापडाचाच धंदा. नागपूरच्या गांधीबागेतून माल आणायचा, घुग्घुस, नकोडा आणि आसपासच्या खेड्यांत पोचवायचा, त्यासाठी एक जुना टेम्पो. चहाशिवाय दुसरे व्यसन नाही. टेम्पोचा विमा दरवर्षी वेळेवर भरलेला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेवलेला. २०१८ मध्ये पडोलीच्या अलीकडे त्यांच्या टेम्पोने एका सायकलस्वाराला उडवले. माणूस कारखान्यात रोजंदारीवर जाणारा, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. मागे बायको आणि तीन मुले.

मित्रांनी मयताच्या घरी जाऊन जमेल तेवढी मदत केली आणि मनाशी म्हणाले की विमा आहे, कंपनी भरपाई देईल. कंपनीच्या वकिलाने मात्र न्यायाधिकरणापुढे एक कागद ठेवला. अपघाताच्या तीन महिने आधी याच ड्रायव्हरला नदीपलीकडे दारू पिऊन गाडी चालवताना पकडले होते. कोर्टाने दंड केला आणि सहा महिन्यांसाठी लायसन्स धारण करण्यास अपात्र ठरवले. म्हणजे अपघाताच्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने तो बिनलायसन्सचा होता. गंमत अशी, की त्या दिवशी तो दारू प्यायलेलाच नव्हता. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही. अगदी शुद्धीवर होता, आणि तरीही मालक बुडाला.

मालकाला हे कसे कळले नाही? नोकरीवर ठेवताना ड्रायव्हरने लायसन्सची झेरॉक्स दाखवली होती. मूळ प्रत गावी आहे, आणून देतो, म्हणाला. मूळ प्रत कोर्टात जमा होती. मित्रांनी झेरॉक्स चोपडीत ठेवली आणि विषय विसरले. आमच्यापैकी कोणी यापेक्षा जास्त चौकशी केली असती, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आपल्या भागाला याची एक जुनी पार्श्वभूमी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. त्या सहा वर्षांत घुग्घुसच्या पिणाऱ्याला वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा आणि वणीची दुकाने होती. बंदी चांगली की वाईट, तो वाद आम्ही इथे घेत नाही. पण पिण्याची जागा वीस किलोमीटर लांब गेली, की माणूस चालत परत येत नाही, गाडीवर बसून येतो. कोळशाचे ट्रक, सिमेंटचे ट्रक, त्यांच्या मधून मोटारसायकली. ज्यांनी त्या रस्त्याने रात्री प्रवास केला त्यांना सांगायला नको. आज घुग्घुसमध्येच दारू मिळते म्हणून ड्रायव्हर सुधारले, असेही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, इंग्रजी कलमे वाचताना दमछाक होते, म्हणून वकिलाकडून समजून घेतले. मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हा दंड २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये झाला. कलम २० प्रमाणे अशी शिक्षा झालेल्याला कोर्टाने किमान सहा महिने अपात्र ठरवायचे असते. कलम १८८ कडे मालकांनी खास लक्ष द्यावे. दारू पिऊन गाडी चालवायला जो प्रोत्साहन किंवा साथ देतो, त्यालाही तीच शिक्षा. ‘थोडी घेतली आहे ना, हळू चालव, माल सकाळी पोचला पाहिजे’ असे म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

विम्याचे गणित यापेक्षा अवघड आहे. अपात्र ठरलेल्या माणसाने गाडी चालवली, तर जबाबदारी नाकारण्याचा हक्क कंपनीला कायद्यात पहिल्यापासून होता. दारूच्या नशेत गाडी चालवणे हे कारणही २०१९ च्या दुरुस्तीने त्याच यादीत घातले. ते कलम १५० मध्ये आहे आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मयताच्या वारसांना वाऱ्यावर सोडायचे नाही म्हणून न्यायालये कंपनीला सांगतात, आधी वारसांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या प्रकरणात असेच ठरवले. ही वसुली करायला कंपनीला नवा दावाही लावावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालाप्रमाणे त्याच हुकमाच्या अंमलबजावणीत ती मालकाच्या मालमत्तेवर येऊ शकते.

स्वतःच्या गाडीचे नुकसान तर विसरूनच जावे. दिल्लीत २००७ मध्ये इंडिया गेटजवळ एक परदेशी बनावटीची महागडी मोटार फूटपाथवर आदळून जळाली. ड्रायव्हरच्या रक्ताची तपासणी झालीच नव्हती, तोंडाला फक्त वास आल्याची नोंद होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. रक्ताचा आकडा नसला तरी परिस्थितीवरून कंपनी नशा सिद्ध करू शकते, असे न्यायालयाने म्हटले. लाखो रुपयांच्या मोटारीचे हे झाले, तर आमच्या टेम्पोची काय कथा.

आमच्या मित्रांना सात लाखांच्या वर रक्कम आणि व्याज भरण्याची वेळ आली. नागपूर रोडकडचा एक प्लॉट मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवला होता, तो विकला. उरलेले हप्त्याने चालू आहे. मयताच्या बायकोला पैसे मिळाले, याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे, आणि आम्हाला तो रास्त वाटतो. ते म्हणतात, कंपनीच्या वकिलाला जो कागद अपघातानंतर सापडला, तो मला अपघाताआधी कोणी का दाखवला नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला अनपेक्षित ठिकाणी सापडले. नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्याचा मुलगा अमेरिकेत शिकागोला टॅक्सी चालवतो. त्याच्या शेजारी राहणाऱ्या एकाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली. लायसन्स परत मिळवायचे, तर तिथे नुसता दंड भरून भागत नाही. विमा कंपनीने स्वतः सरकारच्या खात्याकडे लेखी दाखला पाठवावा लागतो, की या माणसाचा विमा चालू आहे. त्याला एसआर-२२ म्हणतात. नावावरून वेगळा विमा वाटेल, पण तो विमा नव्हे, फक्त दाखला आहे. इलिनॉय राज्यात तो तीन वर्षे चालू ठेवावा लागतो. मध्येच हप्ता चुकला, की कंपनीच सरकारला कळवते आणि लायसन्स पुन्हा थांबते. ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही दुसऱ्याची गाडी चालवण्यापुरता विमा घ्यावा लागतो. हप्ता अर्थातच जास्त, कारण कंपनी त्याला जोखमीचा माणूस समजते. फ्लोरिडा आणि व्हर्जिनिया राज्यांत तर दारूच्या गुन्ह्यानंतर नेहमीपेक्षा मोठ्या रकमेचा विमा दाखवावा लागतो.

अमेरिकेचे सगळेच उचलावे असे आम्ही म्हणत नाही. पण या एका गोष्टीत आपली उलटी रीत पाहा. आपल्याकडे विम्याचा दाखला गाडीला मागतात, माणसाला नाही. पोलिसाने हात दाखवला की कागद दाखवा, गाडी पासिंगला नेली की कागद दाखवा. सहा महिने संपले की शिक्षा झालेला ड्रायव्हर दुसऱ्या मालकाकडे पाटी कोरी करून उभा. त्याच्यामुळे आपली जोखीम वाढली, हे मालकाला माहीत नाही आणि कंपनीलाही नाही. टेम्पोचा सक्तीच्या विम्याचा हप्ता गाडीच्या वजनावर ठरतो, मोटारीचा इंजिनाच्या ताकदीवर. स्टीअरिंगवर कोण बसतो, याच्याशी त्याचे देणेघेणे नाही. त्यामुळे ज्याने आयुष्यात एकही अपघात केला नाही तो आणि वणीहून झोकांड्या खात येणारा, दोघांच्या मालकांना हप्ता सारखाच.

विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये यावर विचार केला होता. वाहतुकीचे गुन्हे करणाऱ्याला गुण लावावेत, दारूच्या गुन्ह्याला सर्वाधिक १०० आणि चुकीच्या जागी गाडी उभी केल्यास १०, आणि त्यावरून हप्त्यात वाढीव रक्कम धरावी, अशी शिफारस होती. सुरुवात दिल्लीच्या परिसरात करावी, असे सुचवले होते. कल्पना चांगली, पण तीही अखेर गाडीच्या मालकाच्या खिशावर येते. आमचे म्हणणे असे, की दारूच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाचे लायसन्स सहा महिन्यांनी आपोआप जिवंत होऊ नये. पुढची तीन वर्षे त्याच्या नावाने विम्याचा दाखला कंपनीकडून थेट आर.टी.ओ.कडे जावा. तो नोकरीला असेल, तर नवा मालक आपल्या पॉलिसीत त्याचे नाव सांगेल, कंपनी जास्त हप्ता मागेल, आणि मालक डोळे उघडे ठेवून काय ते ठरवील. लायसन्सची नोंद आता संगणकावर आहे, गाड्यांची आहे, विम्याचीही आहे. या तिन्ही चोपड्या एकमेकींना जोडायच्या, इतकेच काम आहे.

यावर एक आक्षेप आमच्या घरातूनच आला. मुलगा म्हणाला, अब्बा, मग त्या गरिबाला काम कोण देणार? एकदा चुकला म्हणून तीन वर्षे उपाशी मारायचे का? आक्षेप खरा आहे, आम्ही तो झटकून टाकत नाही. ज्याने पिणे सोडले त्याला पुन्हा उभे राहू दिले पाहिजे. म्हणूनच दाखल्याची पद्धत बरी वाटते. त्यात त्याचा धंदा बंद होत नाही, फक्त लपून चालत नाही. आज तो झेरॉक्स दाखवून काम मिळवतो, आणि पकडला गेला की स्वतःही जातो, मालकालाही नेतो. शिवाय रस्त्यावरचा सायकलस्वारही गरीबच असतो, हे विसरून चालणार नाही.

आपल्यात विम्याच्या नावाने अडखळणारे लोकही आहेत. आयुर्विम्याबद्दल त्यांनी जाणकार उलेमांना विचारावे, तो आमचा प्रांत नाही. पण गाडीचा तिसऱ्या पक्षाचा विमा सरकारने सक्तीचा केला आहे, आणि त्यातले पैसे आपल्या घरी येत नाहीत, आपल्या गाडीखाली आलेल्याच्या घरी जातात. तो टाळून आपण देवाणघेवाणीत मोकळे होत नाही. आणखी एक छोटी गोष्ट, दुचाकीवर फिरणाऱ्या शिंपी, जरीवाले, मिस्त्री बांधवांसाठी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. पाच वर्षांचा कागद पाहून सगळेच सुरक्षित आहे असे समजू नका, तारखा दोन ठिकाणी वाचा.

सरकार नियम करील तेव्हा करील. तोपर्यंत मालकाच्या हातात एक गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवले आहे, की ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स आहे की नाही याची मालकाने वाजवी काळजी घेतली असेल, तर कंपनी केवळ ड्रायव्हरच्या दोषावर मालकाला जबाबदार धरू शकत नाही. मालकाची हलगर्जी कंपनीने सिद्ध करावी लागते. आमच्या मित्रांकडे काळजी घेतल्याचा एकही पुरावा नव्हता, म्हणून ते हरले. मूळ लायसन्स हातात घेऊन पाहा. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख घातली की त्याची स्थिती दिसते. तिची छापील प्रत काढा, तारीख घाला. तेच दर सहा महिन्यांनी करा. आणि ड्रायव्हरला तोंडावर विचारा, तुला कधी दारूच्या केसमध्ये शिक्षा झाली आहे का? विचारायला लाज वाटते, हे आम्हाला कळते. कापडाची गाठ घेताना मात्र आपण दहा ठिकाणी बोट घालून धागा तपासतो.

मागच्या महिन्यात त्या मित्रांनी नवा ड्रायव्हर ठेवला. लायसन्स घेऊन ते आमच्या दुकानात आले. आमच्या पुतण्याने मोबाईलवर नंबर घातला, ‘ॲक्टिव्ह’ असे आले. मित्रांनी ते आमच्याकडून दोनदा वाचून घेतले, समोरच्या दुकानातून छापील प्रत काढून आणली, तारीख टाकून सही केली आणि चोपडीत जुन्या झेरॉक्सच्या शेजारी चिकटवली. जुनी झेरॉक्स का फाडली नाही, असे आम्ही विचारले. म्हणाले, अजून चौदा हप्ते बाकी आहेत, तोवर राहू दे.