ओळख न पटलेली डिस्क

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक कसोटीचा प्रसंग गुदरला. तीर्थरूपांची पत्रे, आजोबांच्या हस्तांकरातील वंशावळ आणि चाळीस वर्षांची छायाचित्रे आम्ही मोठ्या परिश्रमाने संगणकात उतरविली होती व एका बाह्य डिस्कवर त्यांची राखीव प्रत ठेवून निर्धास्त झालो होतो. एके दिवशी संगणकातील मूळ डिस्कच निकामी झाली. नवी बसविली, लिनक्स पुन्हा चढविले, राखीव डिस्क जोडली. पण पडद्यावर काहीच उमटेना!

एका हितचिंतकांनी तत्काळ सल्ला दिला, "फॉर्मॅट करा, लगेच दिसेल." डिस्क दिसली असती खरी, पण आतील पत्रांची वाट दिसेनाशी झाली असती. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात, ते असे.

वाचकहो, 'संगणक ओळखत नाही' या एका तक्रारीच्या पोटात निरनिराळ्या तक्रारी असतात. अडले कोठे, हे आधी पाहावे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, आपली रोजनिशी लिहीत असतो. प्रशासकाच्या अधिकाराने 'डी-एम-ई-एस-जी' ही आज्ञा दिली की ती वाचता येते. आम्ही डिस्क जोडून पाहिले, तर रोजनिशीत एक अक्षरही नवे नाही. म्हणजे दोष तारेत! ती केवळ मोबाइल भारित करण्याची तार निघाली. माहिती वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात नव्हत्याच.

तार बदलली. आता डिस्क जोडल्याची व लगोलग तुटल्याची नोंद वारंवार दिसू लागली. हे अपुऱ्या विजेचे लक्षण. यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर, तर ३.० च्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळण्याची तरतूद असते. मागील बाजूच्या ३.० खाचेत जोडताच डिस्क स्थिरावली.

'एल-एस-बी-एल-के' या आज्ञेने तिचे नावही दिसले, परंतु ती उघडेना. डिस्कची मांडणी एनटीएफएस पद्धतीची होती. २०२१ मधील ५.१५ या आवृत्तीपासून कर्नेलमध्येच तिच्यावर लिहिण्याचीही पुरती सोय आहे; मग अडचण कसली? आमच्या भाच्याने ती विंडोजच्या संगणकास जोडली होती आणि 'फास्ट स्टार्टअप'मुळे तो संगणक पुरता बंद न होता अर्धनिद्रित राहिला होता. अशा अर्धवट सोडलेल्या डिस्कवर लिहिण्यास लिनक्स नकार देते, आणि ते योग्यच. आम्ही ती 'केवळ वाचनासाठी' उघडली आणि प्रथम सर्व पत्रे नव्या डिस्कवर उतरवून घेतली.

डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर मात्र यातले काहीही न करता ती काढून जाणकाराच्या हाती द्यावी.

आमची खरी चूक तारेत नव्हती, निर्धास्तपणात होती. प्रत ठेवली, पण वर्षभर ती उघडून पाहिली नाही. आता आमच्या दोन प्रती आहेत. एक कन्येच्या घरी असते. दर तीन महिन्यांनी आम्ही त्यांतील एखादे पत्र उघडून वाचतो. परीक्षा होते, आणि तीर्थरूपांची भेटही.