सडव्याचा पंचनामा

महात्माजींचे १९३६ पासूनचे सेवाग्रामातील वास्तव्य ज्या भूमीला लाभले, त्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदीचा अंमल सुरू होऊन सुमारे अर्धशतक लोटले, तरी पोलिसांच्या ‘वॉश आऊट’ मोहिमेची वार्ता वृत्तपत्रांतून वारंवार येतच राहते आणि घटनास्थळ म्हणून तीत बहुधा एखाद्या पारधी बेड्याचाच (वस्तीचाच) उल्लेख असतो. नाल्याच्या काठी पुरलेले ड्रम उकरून काढले जातात, त्यांतला आंबूस वासाचा मोहसडवा (दारू गाळण्यासाठी आंबवलेला मोह-गूळ) मातीत ओतला जातो, पंचांच्या सह्या होतात आणि मुद्देमालाची किंमत दप्तरात चढते. परंतु तो मोह आणि गूळ उधारीवर कोणी पुरवला, रबरी ट्यूबांत भरलेला माल रात्री कोणाच्या गाडीतून हलतो, आणि शेजारच्या जिल्ह्यांतली बाटलीबंद दारू कोणाच्या भांडवलावर वेस ओलांडते, याचा पत्ता त्या पंचनाम्यात सहसा लागत नाही.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हेच घडले होते. शिकागोच्या टेलर स्ट्रीट भागात दाटीवाटीने राहणाऱ्या सिसिलीच्या गरीब स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरांत जेना बंधूंच्या टोळीने भट्ट्या बसवून दिल्या. भट्टी सांभाळण्याबद्दल कुटुंबाला दिवसाकाठी १५ डॉलर मिळत, आणि मजुरीवर हातातोंडाची गाठ न पडणाऱ्या माणसाला ती रक्कम नाकारणे सोपे नव्हते. स्फोटाचे व धाडीचे भय त्या कुटुंबाने सोसावे, नफा जेनांनी न्यावा, आणि ‘इटालियन म्हणजे गुंड’ हा कलंक मात्र समग्र समाजाच्या माथी बसावा, असा तो व्यवहार होता. वस्तुतः शिकागोचा टोळीनायक अल कपोन याचे नाव कोणाच्या कानी येण्यापूर्वीच, १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियनांची हत्या केली होती. म्हणजे संशय आधीचा होता, टोळ्यांनी त्याला केवळ निमित्त पुरवले.

आपल्याकडेही संशयाचे दप्तर जुनेच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातली नजर तितक्या सहजी रद्द होत नाही. फासे लावून तितर-लाव्हे धरणाऱ्या फासेपारध्याचा पिढीजात धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बेकायदा ठरला (तो कायदा आवश्यक होता, याविषयी माझा वाद नाही), मात्र त्या धंद्याच्या जागी दुसरी उपजीविका देण्याची तजवीज कोणी पुरेशी केली नाही. कापसाची वेचणी उरकली की रानात काम उरत नाही, आणि नेमकी त्याच सुमारास, चैत्राच्या तोंडावर, मोहफुले गळू लागतात. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून २००६ च्या पंतप्रधान पॅकेजात समाविष्ट झालेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता. जिथे जमीनधारकच असा हवालदिल, तिथे भूमिहीन बेड्याने अन्नासाठी कोणाकडे पाहावे?

दारूबंदी उठवावी असे मी म्हणत नाही. दारूड्या नवऱ्याचा मार खाणारी स्त्री बेड्यातही आहे, आणि बंदीचा तिला आधार वाटतो. माझे मागणे इतकेच आहे की पोलीस व उत्पादन शुल्क खात्याने वर्षअखेरीस किती लिटर सडवा नष्ट केला हे सांगताना किती पुरवठादार, किती गाडीमालक आणि किती भांडवलदार न्यायालयात दोषी ठरले, तोही आकडा जाहीर करावा; आणि जिल्हाधिकाऱ्यांनी बेड्याबेड्यांतून जातीचे दाखले, शिधापत्रिका आणि घरजागेचे पट्टे यांसाठी शिबिरे भरवावीत, तीही पुढला मोह गळण्यापूर्वी.